थंडीतली आमची गाडी



या वेळी बाईंनी सांगितले की ‘माझी आई’ आणि ‘पावसाळा’ पुरे झाले. प्रत्येकाने आपल्या घरातल्या एका वस्तूचा अभ्यास करून लिहा. कोणी चुलीवर लिहिले आहे, कोणी कांदाचाळीवर. मी आमच्या गाडीवर लिहिते आहे. कारण या थंडीत तिच्यामुळे, म्हणजे खरे तर माझ्यामुळे, आमच्या घरी एक प्रसंग झाला. तो पुढे येईलच.

आपला निफाड तालुका थंडीसाठी प्रसिद्ध आहे. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात तापमान मोजतात, ते पेपरात येते. २०१८ च्या डिसेंबरात तिथे पारा २ अंशांच्या खाली गेला होता. तेव्हा मी नव्हते किंवा फार लहान होते, पण आजी सांगते की द्राक्षबागांत रात्रभर शेकोट्या पेटवल्या होत्या, आणि लोक पहाटे बागांना पाणी सोडत होते. थंडी इतकी नसली तरी दर वर्षी सकाळी खोबरेल तेलाची बाटली गोठते, हे तर सगळ्यांनाच माहीत आहे. आई ती चुलीजवळ ठेवते, मग माझी वेणी होते. बाटलीचे हे लक्षात ठेवा.

माझे बाबा पहाटे पावणेसहाला डेअरीवर दूध मोजायला जातात. डेअरी घरापासून ३ किलोमीटर आहे. आमच्याकडे जुनी घेतलेली पेट्रोलची चारचाकी आहे. तिच्यासाठी पत्र्याची शेड आहे, तिथे पूर्वी गोठा होता. बाबा रोज गाडी चालू करून ठेवायचे आणि आत येऊन चहा घ्यायचे. दहा मिनिटे गाडी आपली शेडमध्ये गुरगुरत राहायची. मी विचारले की असे का, तर म्हणाले, “गाडी तापू द्यावी लागते. आबांनी शिकवलंय.”

आबा म्हणजे माझे आजोबा. ते पूर्वी जीप चालवायचे. मग मी त्यांनाच विचारले. ते म्हणाले की त्यांच्या जीपला ‘चोक’ नावाची एक मूठ होती. थंड इंजिनात पेट्रोलची नीट वाफ होत नाही, आणि वाफ झाल्याशिवाय पेट्रोल पेटत नाही. म्हणून चोक ओढला की इंजिनात हवा कमी जाते आणि पेट्रोल जास्त जाते. मग ती कशीबशी पेटते, पण ओल्या गोवरीसारखा काळा धूर सोडते. चोक ओढून लगेच निघाले तर वेशीपाशीच बंद पडायची, आणि मग सगळ्यांनी खाली उतरून ढकलायची. म्हणून पाच-दहा मिनिटे थांबणे भागच होते. आबांचे बरोबर होते. पण त्या जीपच्या बाबतीत!

आता तो प्रसंग. डिसेंबरात एका पहाटे लई गारठा होता. मी आणि माझा धाकटा भाऊ लवकर उठलो होतो. चुलीपाशी आई आम्हाला बसू देईना, कारण भाकरी चालल्या होत्या. मला युक्ती सुचली. गाडीच्या बॉनेटला पाठ लावून बसले की उबदार लागते. आम्ही शेडमध्ये गेलो. गाडी चालूच होती. दारातून वारा येत होता म्हणून मी दार ओढून कडी लावली. बाळूला मांडीवर घेतले आणि त्याला पाढे म्हणायला लावले.

सहाच्या पाढ्यापर्यंत तो बरा होता. मग म्हणाला, “ताई, डोकं दुखतंय.” माझेही कपाळ ठणकत होते, पण मला वाटले झोप अपुरी झाली असेल. वास काही फारसा येत नव्हता. थोड्या वेळाने त्याने माझ्या फ्रॉकवर उलटी केली. मला उठावेसे वाटत होते आणि पाय जड झाले होते. तेवढ्यात आजी राख टाकायला मागच्या अंगाला आली. तिने दार हलवले, उघडेना, मग तिने असे काही खडखडवले की कडीच निघाली.

“काय करू राह्यले रे पोरांनो इथं? दार कोणी लावलं?”

मी गप्प बसले.

आजीने आम्हाला दोघांना ओढून अंगणात आणले. बाबा चहा टाकून धावले. त्यांनी आधी गाडी बंद केली आणि मग त्याच गाडीतून, सगळ्या काचा खाली करून, आम्हाला दवाखान्यात नेले. वाटेत गार वाऱ्याने बाळू रडायला लागला, तेव्हा आई म्हणाली, रडतोय ते बरंय.

डॉक्टरांनी बाळूला ऑक्सिजन लावला आणि मला पण. त्यांनी सांगितले ते मी वहीत लिहून घेतले. गाडीच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू असतो. त्याला रंग नाही, वास नाही. आपल्या रक्तातले लाल द्रव्य ऑक्सिजन वाहून नेते. पण हा वायू त्या द्रव्याला ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून जास्त जोराने चिकटतो. मग ऑक्सिजनला बसायला जागाच उरत नाही, एसटीत शिरून रुमाल टाकून ठेवल्यासारखे. आधी डोके दुखते, मळमळते, मग झोप येते, आणि झोपेतून माणूस उठत नाही. बंद खोलीत कोळशाची शेगडी ठेवून झोपले तरी हेच होते. डॉक्टर म्हणाले की गाडी थंड असते तेव्हा हा वायू जास्त निघतो, कारण पेट्रोल अर्धवट जळते. नव्या गाड्यांच्या धुराच्या नळीत एक डबा असतो, तो हा वायू निरुपद्रवी करतो, पण तो डबा स्वतः चांगला तापल्याशिवाय काम करत नाही. म्हणजे पहिली काही मिनिटेच सर्वांत वाईट, आणि मी नेमकी तेव्हाच कडी लावली होती.

बाबा मला रागावले नाहीत. त्या रात्री ते जेवले नाहीत एवढेच.

मग मी ठरवले की गाडी तापवावी लागते का याचाच अभ्यास करायचा. रविवारी बाबांबरोबर फिटरकाकांकडे गेले. ते हसले आणि म्हणाले, “ये, पोरी, बॉनेटखाली बघ.” त्यांनी तेलाची पट्टी काढून दाखवली. इंजिनातले तेल खोबरेल तेलासारखे गोठत नाही, पण थंडीत घट्ट होते. काकवीसारखे म्हणा. इंजिन चालू झाले की पंप ते तेल सगळीकडे पोचवतो. त्याला काही सेकंद लागतात, फार तर अर्धा मिनिट. तेवढे थांबायचे. नंतर उभे राहून काही फायदा नाही. साधारण २००० सालानंतरच्या पेट्रोल गाड्यांत चोकची मूठच नाही. इंजिन किती थंड आहे हे गाडीतले यंत्रच ओळखते आणि पेट्रोल कमी-जास्त करते.

मला ते पटले नाही, म्हणून मी प्रयोग केला. गाडीत तापमानाचा एक काटा असतो. एका सकाळी शेडच्या बाहेर, अंगणात, बाबांनी गाडी दहा मिनिटे उभी चालू ठेवली. काटा फक्त पहिल्या रेघेपर्यंत गेला. दुसऱ्या सकाळी अर्ध्या मिनिटात निघालो, हळूहळू, दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये, इंजिन न ओरडवता. कालव्याच्या पुलापर्यंत काटा तिथे आला, आणि डेअरीपाशी जवळजवळ अर्ध्यावर. म्हणजे उभी गाडी हळू तापते, चालती गाडी लवकर तापते. आपणही शेकोटीपाशी उभे राहण्यापेक्षा पळत शाळेत आलो की लवकर तापतो ना, तसेच.

पेट्रोलचा हिशेबही केला. फिटरकाका म्हणाले की लहान गाडी नुसती उभी असली तरी तासाला अर्धा ते एक लिटर पिते. मी तासाला ६०० मिलिलिटर धरले. दहा मिनिटांचे १०० मिलिलिटर. महिन्याला पंचवीस दिवस धरले तर अडीच लिटर. हे गणित बाईंनी तपासले आहे.

काच हा एक मुद्दा राहिला. पहाटे समोरच्या काचेवर दव असते, त्यातून दिसत नाही. बाबा म्हणाले, यासाठीही मी थांबायचो. आता ते गाडी चालू करून लगेच फडक्याने काच पुसतात. काच पुसेपर्यंत तेल वर चढलेले असते. एकदा काकांनी गरम पाणी ओतायला सांगितले होते, पण ते कोणी करू नका, थंड काच तडकते.

फिटरकाकांनी आणखी एक गोष्ट दाखवली, ती मला सर्वांत आवडली. त्यांनी तेलाचे झाकण उघडले. खालच्या बाजूला दुधावरच्या सायीसारखा पांढरट थर होता. मी विचारले, डेअरीचे दूध इथे कसे? ते म्हणाले, हे पाणी आहे. पेट्रोल जळले की पाणी तयार होते, एक लिटर पेट्रोलमागे जवळजवळ एक लिटर पाणी! थंडीत गाडीच्या मागच्या नळीतून थेंब पडतात ते हेच. गाडी चांगली तापली तर त्याची वाफ होऊन जाते. पण आमची गाडी रोज फक्त ३ किलोमीटर जाते, तापायच्या आतच बंद होते. मग पाणी तेलात मिसळते आणि नळी आतून गंजते. बॅटरीचेही तसेच. थंडीत ती आधीच मरगळलेली असते, गाडी चालू करताना खूप वीज खर्च होते, आणि एवढ्याशा वाटेत ती पुन्हा भरत नाही. म्हणून आठवड्यातून एकदा तरी अर्धा-पाऊण तास गाडी सलग चालवावी, असे ते म्हणाले.

डिझेलचे थोडे वेगळे आहे. ते वर्गातल्या ट्रॅक्टरवाल्यांसाठी लिहिते. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. हवा इतकी दाबतात की ती तापते आणि डिझेल आपोआप पेटते. सायकलचा पंप मारताना खाली हात लावून बघा, गरम लागतो. थंडीत मात्र ही हवा पुरेशी तापत नाही, म्हणून पुष्कळ गाड्यांत हीटर असतो. किल्ली फिरवली की पिवळा, वेटोळ्यांचा दिवा लागतो. तो विझेपर्यंत थांबून मग चालू करायची. माझे मामा फौजेत आहेत, ते लडाखला होते. तिथे डिझेलच गोठते, त्यातल्या मेणाचे कण होतात आणि गाळणी तुंबते. २०१९ च्या नोव्हेंबरपासून तिथे वेगळे हिवाळी डिझेल मिळते, ते उणे ३३ अंशांपर्यंत पातळ राहते. आपल्याकडे त्याची गरज नाही.

आता आमच्या शेडच्या दाराला कडी नाही. बाबांनी दारच काढून टाकले आणि त्याचा पत्रा कोंबड्यांच्या खुराड्याला लावला. गाडी आधी बाहेर आणतात, मग काच पुसतात आणि निघतात. चहा आधी. आबा ओट्यावरून बघतात आणि अजूनही म्हणतात, “थोडी तापू दे रे.” बाबा हो म्हणतात आणि जातात.

येत्या रविवारी आम्ही सगळे नांदूरमध्यमेश्वरला पक्षी बघायला जाणार आहोत. फिटरकाकांनी सांगितलेली लांबची फेरीही होईल. आजी पुढे बसणार आहे. बाळू म्हणतो, मी काच उघडी ठेवूनच बसेन, कितीही थंडी वाजली तरी.