अकिलीज आणि बांधावरची भांडणं

ट्रॉयचा लाकडी घोडा शोधायला म्हणून कुणी ‘इलियड’ उघडली तर त्याची निराशा होते. त्यात घोडा नाही. अकिलीजच्या टाचेत घुसलेला बाण नाही आणि जळणारं ट्रॉयही नाही. दहा वर्षं चाललेल्या युद्धाच्या शेवटच्या वर्षातले काही आठवडे आणि त्या आठवड्यांत एका माणसाला आलेला राग, एवढ्यावर होमरनं चोवीस सर्ग आणि पंधरा हजारांहून अधिक ओळी खर्च केल्या आहेत.

मी आधी वकिली केली, मग न्यायालयाच्या मध्यस्थी केंद्रात बसू लागले. दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम ८९ २००२ साली अमलात आलं आणि तडजोड होऊ शकेल असे दावे न्यायालयं मध्यस्थांकडे पाठवू लागली. आमच्याकडे कायदा थोडा येतो, राग फार येतो. भाऊ-भाऊ, दीर-भावजय, घरमालक-भाडेकरू. या कामात मला सगळ्यात उपयोगी पडलेलं पुस्तक कायद्याचं नाही, ‘इलियड’ आहे. त्यातून आणि समोरच्या खुर्च्यांवर बसलेल्या माणसांकडून जे शिकले, ते असं:

१. भांडण ज्या वस्तूवरून चालू आहे, ती वस्तू बहुधा भांडणाचं कारण नसते.

‘इलियड’च्या पहिल्या सर्गात एक पुजारी आपली पकडलेली मुलगी सोडवायला खंडणी घेऊन येतो. सेनापती अगामेम्नॉन त्याला हाकलून देतो. पुजारी अपोलोला साकडं घालतो आणि छावणीत रोगाची साथ पसरते. नऊ दिवस माणसं मरतात. दहाव्या दिवशी अकिलीज सभा बोलावतो, मुलगी परत करायचं ठरतं. अगामेम्नॉन म्हणतो, माझा वाटा गेला तर मी तुझा घेणार, आणि अकिलीजच्या वाट्याला आलेली ब्रिसेइस उचलून नेतो. (हे दोघे जिच्यावरून भांडतात, त्या ब्रिसेइसला स्वतःचं तोंड उघडायची संधी मिळते ती थेट एकोणिसाव्या सर्गात. आमच्याकडेही जिच्या हिश्श्यावरून दोन भाऊ भांडतात ती बहीण कोपऱ्यात गप्प बसलेली असते.)

अकिलीजचा राग ब्रिसेइस गेल्याचा आहेच, पण त्याहून जास्त तो भरसभेत, सगळ्या सैन्यादेखत गेल्याचा आहे. अ‍ॅरिस्टॉटलनं ‘ऱ्हेटोरिक’च्या दुसऱ्या भागात रागाची चिकित्सा करताना त्याचं मूळ अवमानात शोधलं आणि दाखला अकिलीजचाच दिला. वीतभर बांधासाठी वर्षानुवर्षं कोर्टात येणारा माणूस वेडा नसतो. त्याला मोजणीचा नकाशा दाखवून उपयोग होत नाही. बांध कोरला त्या दिवशी कोण काय बोललं आणि ते ऐकायला कोण कोण उभं होतं, हे विचारावं लागतं.

२. हात आवरला तरी त्या दिवसापुरतं पुरे.

अकिलीजची तलवार अर्धी बाहेर आलेली असते तेव्हा अथीना मागून येऊन त्याचे केस धरते. ती फक्त त्यालाच दिसते. ती त्याला माफ कर, असलं काही सांगत नाही. शिव्या हव्या तेवढ्या दे, तलवार काढू नकोस, एवढीच तिची मागणी. तो तिचं ऐकतो आणि मग तोंडानं अगामेम्नॉनचा जो उद्धार करतो तो वाचण्यासारखा आहे. त्यानंतर वयोवृद्ध नेस्टर उठतो, आपल्या तरुणपणाच्या गोष्टी सांगतो, दोघांनाही रास्त सल्ला देतो. कुणी ऐकत नाही. ऐन भडक्यात गावच्या वडीलधाऱ्यांचं जे होतं तेच त्याचं होतं.

३. भरपाईची यादी म्हणजे माफी नव्हे.

नववा सर्ग प्रत्येक मध्यस्थानं वाचायलाच हवा. ग्रीक हरू लागलेत, अगामेम्नॉन घाबरलाय. तो अकिलीजला काय काय देऊ करतो पाहा: सात नव्या तिवया, दहा टॅलंट सोनं, वीस हंडे, शर्यती जिंकलेले बारा घोडे, लेस्बॉसच्या सात स्त्रिया, ब्रिसेइस परत आणि तिला हात लावला नसल्याची शपथ. शिवाय ट्रॉय पडल्यावर लुटीतला वाटा, स्वतःच्या तीन मुलींपैकी एक आणि वर सात नगरं. यादी संपता संपता तो म्हणतो की आता त्यानं माझ्यापुढे नमावं, मी त्याच्याहून मोठा राजा आहे.

हा निरोप घेऊन दूत म्हणून गेलेला ओडिसियस हुशार. तो सगळी यादी अकिलीजला तोंडपाठ म्हणून दाखवतो आणि शेवटचं वाक्य गाळतो. आम्हीही ते करतो. एका खोलीतून दुसऱ्या खोलीत निरोप नेताना विष गाळून न्यावं लागतं. पण अकिलीजला न सांगितलेलं ऐकू येतं. यादी एवढी लांब आहे आणि तिच्यात ‘चुकलो’ कुठेच नाही. समुद्रातल्या वाळूइतकं दिलं तरी नको, अशा थाटात तो सगळं परत पाठवतो.

मला जास्त शिकवलं ते पुढच्या भागानं. ओडिसियसच्या आकर्षक भाषणानंतर अकिलीज म्हणतो, उद्या सकाळी मी जहाजं घेऊन घरी चाललो. मग त्याला लहानपणी मांडीवर वाढवणारा म्हातारा फिनिक्स रडत रडत बोलतो. अकिलीज म्हणतो, जायचं की राहायचं ते सकाळी बघू. शेवटी एजॅक्स. तो धड वक्ताही नाही. तो चार शब्दांत सांगतो की आम्ही तुझे मित्र आहोत, तुझ्या छपराखाली बसलो आहोत आणि तू आमचा विचार करत नाहीस. त्यावर अकिलीज म्हणतो, तुझं सगळं पटतं, पण राग आवरत नाही. ट्रॉयचा हेक्टर माझ्या जहाजांपाशी पोचला की बघू. दूत परत येऊन सांगतात की बोलणी फसली. माझ्या हिशेबानं ती फसली नव्हती. ‘चाललो’ वरून ‘बघू’, आणि ‘बघू’ वरून ‘अमुक झालं तर लढेन’ इथवर माणूस एका रात्रीत आला होता, आणि सर्वांत मोठं पाऊल यादीनं नाही, मित्राच्या तक्रारीनं टाकायला लावलं होतं. पैशांची ऑफर नाकारली गेली की वकील फाईल बंद करतात. मी त्या वेळी पक्षकाराचा एखादा जुना मित्र बाहेर बाकावर बसलाय का ते पाहते.

४. रुसण्यात सुख असतं, म्हणून ते लांबतं.

दूत येतात तेव्हा अकिलीज लायर वाजवत वीरांची गाणी गात बसलेला असतो. बाहेर त्याचे लोक मरताहेत. ते मरावेत अशी सोय त्यानंच लावली आहे: आई थेटिसकरवी त्यानं झ्यूसकडे मागणं घातलं की ग्रीकांना इतका मार पडू दे की त्यांना माझी किंमत कळेल. झ्यूसनं ते मान्य केलं आणि तो मार अखेर अकिलीजच्याच घरात आला. सोळाव्या सर्गात पॅट्रोक्लस, त्याचा जिवलग, त्याचं चिलखत घालून लढायला जातो आणि हेक्टरच्या हातून मरतो. पुढे अकिलीज आईजवळ रडताना कबूल करतो की हा राग मनात झिरपताना गोड लागतो.

‘मी नसल्यावर कळेल त्यांना’ हे वाक्य आमच्याकडे मी वेगवेगळ्या तोंडून ऐकलं आहे. घर सोडून गेलेल्या मुलांकडून, माहेरी बसलेल्या बायकांकडून, एकत्र धंद्यातून अंग काढून घेतलेल्या थोरल्या भावाकडून. बहुतेकदा त्यांची तक्रार खरी असते. अकिलीजचीही खरीच होती. पण ‘कळेल त्यांना’ची किंमत ज्याला कळायला हवं तो मोजत नाही, मधला कुणीतरी मोजतो. घरांत हा पॅट्रोक्लस सहसा एखादं लहान मूल असतं.

५. उपाशीपोटी तह करू नये.

एकोणिसाव्या सर्गात दोघांचा समेट होतो. अगामेम्नॉन तिथेही दोष स्वतःवर घेत नाही. झ्यूसनं आणि नियतीनं माझी बुद्धी फिरवली, म्हणतो. (‘ग्रह फिरले होते’ ही सबब किती जुनी आहे ते तेव्हा कळलं.) अकिलीजला ताबडतोब रणात उतरायचंय. ओडिसियस अडून बसतो: आधी सैन्याला जेवू घाला. भेटवस्तू सर्वांसमोर मांडा, शपथ सर्वांसमोर घ्या, मग युद्ध. अकिलीज चिडतो, स्वतः घासही घेत नाही, पण सैन्य जेवतं. दुपारी दीडला कुणाच्याही तडजोडपत्रावर सही घ्यायची नाही, हा माझा नियम ओडिसियसचाच आहे.

६. सुटका झाल्यावर मागे वळून ओरडू नये.

हे ‘ओडिसी’तलं. राक्षस पॉलिफीमसला आंधळं करून, मेंढ्यांच्या पोटाखाली लटकून ओडिसियस गुहेतून निसटतो. ‘माझं नाव कुणीच नाही’ अशी थाप मारल्यामुळेच तो वाचलेला असतो. जहाज किनाऱ्यापासून निघतं आणि याला राहवत नाही. पहिल्या टोमण्याला उत्तर म्हणून डोंगराचा कडा समुद्रात येऊन पडतो आणि लाटेनं जहाज पुन्हा किनाऱ्याकडे ढकललं जातं. साथीदार गयावया करतात. तरी हा दुसऱ्यांदा ओरडतो आणि आपलं खरं नाव, बापाचं नाव आणि इथाका हा पत्ता सांगून टाकतो. पॉलिफीमस आपला बाप पोसायडन याला ते नाव घेऊन शाप द्यायला सांगतो. पुढे एकही साथीदार घरी पोचत नाही.

सह्या झाल्यावर दोन्ही पक्षांना मी वेगवेगळ्या वेळी खाली सोडते. सगळं मिटलेलं प्रकरण जिन्यातल्या एका टोमण्यानं पुन्हा पेटू शकतं.

७. थांबणं म्हणजे सोडून देणं नव्हे.

तोच ओडिसियस घर सोडल्यावर वीस वर्षांनी भिकाऱ्याच्या वेशात स्वतःच्या घरी ओसरीवर पडलेला असतो. त्याच्या बायकोला मागणी घालणाऱ्यांकडे दासी हसत-खिदळत जाताना ऐकून त्याचं काळीज कुत्रीसारखं गुरगुरतं. तो छातीवर हात मारून त्याला दटावतो की याहून वाईट तू सोसलं आहेस. हा प्रसंग प्लेटोला इतका आवडला की ‘रिपब्लिक’मध्ये तो त्याकडे पुन्हा वळतो. व्याख्यानांत लोक इथवरच सांगतात. पुढे तो सगळ्या वरांना मारतो आणि त्या दासींना फासावर लटकवलं जातं, हे सांगत नाहीत. ओडिसियस शांत झाला नव्हता, त्यानं मुहूर्त काढला होता. समोरचा पक्षकार अचानक फार समंजस झाला की मला ही ओसरी आठवते आणि मी तडजोडपत्रातली कलमं पुन्हा वाचते.

८. काही राग मध्यस्थाच्या हातातले नसतात.

सोफोक्लीजच्या नाटकातला एजॅक्स, म्हणजे नवव्या सर्गात चार शब्दांत मन वळवणारा तोच, अकिलीजची शस्त्रं आपल्याला मिळाली नाहीत म्हणून भ्रमिष्ट होतो, शत्रू समजून गुरं कापतो आणि शुद्धीवर आल्यावर लाजेनं स्वतःचा जीव घेतो. अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञ जोनाथन शे यांनी व्हिएतनामहून परतलेल्या सैनिकांवर उपचार करताना ‘इलियड’ वाचली आणि १९९४ साली ‘अकिलीज इन व्हिएतनाम’ हे पुस्तक लिहिलं. ते वाचल्यापासून मी एजॅक्स ओळखायला शिकले. तो दिसला की तारीख पुढे ढकलते आणि घरच्यांना डॉक्टरांकडे जायला सांगते.

९. लहानानं नमायची वाट धरली, तर मोठ्यानं ती अडवू नये.

तेविसाव्या सर्गात पॅट्रोक्लसच्या स्मरणार्थ रथांची शर्यत होते. तरुण अँटिलोकस अरुंद जागी आडमुठेपणानं रथ घालून मेनेलेअसला मागे टाकतो. मेनेलेअस संतापून म्हणतो, घोड्यांवर हात ठेव आणि पोसायडनची शपथ घे की तू लबाडी केली नाहीस. अँटिलोकस शपथही घेत नाही आणि कबुलीही देत नाही. तुम्ही वयानं मोठे, मी पोरगा, उतावळा. ही बक्षिसाची घोडी तुम्हीच घ्या, एवढं म्हणतो. मेनेलेअस विरघळतो आणि घोडी त्यालाच परत देतो. आमच्या खोलीत ‘दादा, तू मोठा आहेस’ या चार शब्दांनी जेवढे दावे मिटवले तेवढे कुठल्याही निवाड्याच्या दाखल्यानं नाही. मात्र त्या वेळी दादानं ‘मग आधी का नाही सुचलं?’ असं विचारता कामा नये.

१०. ज्याला आपला राग माहीत आहे, तो आधी खोली आवरतो.

शेवटच्या सर्गात हेक्टरचा म्हातारा बाप प्रायम रात्री शत्रूच्या छावणीत येतो आणि ज्या हातांनी आपली मुलं मारली त्यांचं चुंबन घेतो. दोघं रडतात, प्रायम हेक्टरसाठी, अकिलीज आपल्या दूर राहिलेल्या बापासाठी आणि पॅट्रोक्लससाठी. पण राग गेला नाही. प्रायम थोडी घाई करतो तेव्हा अकिलीज बजावतो, मला डिवचू नका, माझा तोल जाईल. मग तो बाहेर जाऊन दासींना सांगतो की हेक्टरचं प्रेत आडोशाला नेऊन धुवा. मुलगा तशा अवस्थेत दिसला तर बाप संतापेल आणि बाप संतापला तर आपण त्याला मारून बसू, हे त्याला ठाऊक आहे. त्यानंतर तो प्रायमला जेवायला घालतो, विचारतो की अंत्यविधीला किती दिवस लागतील, आणि मागितलेले अकरा दिवस देतो. बाराव्या दिवशी लागलंच तर पुन्हा युद्ध.

मला अख्ख्या पुस्तकात हा अकिलीज सर्वांत शहाणा वाटतो. क्षमा-बिमा करण्याच्या भानगडीत तो पडलेला नाही. आपण कशानं भडकतो ते ओळखून त्यानं ती गोष्ट नजरेआड केली आहे आणि मुदत ठरवून शब्द दिला आहे. चांगल्या तडजोडपत्रात याहून जास्त काही नसतं.

अख्खी ‘इलियड’ वाचायला सवड नसेल तर पहिला, नववा आणि चोविसावा सर्ग वाचा. दुसऱ्या सर्गातली जहाजांची लांबलचक यादी सोडली तरी चालेल, होमर रागावणार नाही.