शंभर दाण्यांची परीक्षा

महाराष्ट्राच्या पूर्व सीमेवर गोंदिया जिल्हा वसलेला आहे. १ मे १९९९ रोजी भंडारा जिल्ह्याचे विभाजन होऊन तो अस्तित्वात आला. वैनगंगेच्या खोऱ्यातील हा प्रदेश तलावांचा आणि धानाचा. गावोगावी जुने तलाव व लहान बोड्या आहेत. पावसाळ्यात बांध्या पाण्याने भरल्या की दृष्टी पोहोचेल तेथवर धानाची हिरवळ पसरते. येथील मुलांना धान ठाऊक नाही असे कसे होईल? परंतु पाहणे निराळे आणि जाणणे निराळे. धानाचा एखादा दाणा उगवेल की नाही, हे नुसत्या डोळ्यांनी सांगता येईल काय?

शेतकऱ्याच्या दृष्टीने हा प्रश्न लहान नाही. बियाणे निकस असले तर पऱ्हे विरळ उगवतात आणि रोवणीच्या ऐन वेळी रोपे अपुरी पडतात. पुन्हा पेरावे, तर हंगाम हातचा निघून जातो. मग वर्षभर पश्चात्ताप करण्यावाचून काही उरत नाही. म्हणून बियाण्याची परीक्षा पेरणीपूर्वीच झाली पाहिजे. आणि ती शाळेच्या वर्गातही घेता येते.

उन्हाळ्याची सुट्टी लागण्यापूर्वी प्रत्येकाने घरून वाटीभर बियाणे आणावे. एक लिटर पाण्यात ३० ग्रॅम मीठ विरघळवावे आणि त्यात ते बियाणे सोडून ढवळावे. थोड्याच वेळात पोचट दाणे वर तरंगतात व भरलेले दाणे तळाशी बसतात. मिठाचे पाणी साध्या पाण्याहून जड असते. त्यामुळे हलक्या दाण्यांना ते वर उचलून धरते. मग दोन्ही प्रकारचे दाणे निरनिराळे काढून स्वच्छ पाण्याने दोन-तीन वेळा धुवावेत, नाहीतर अंगाला राहिलेले मीठ अंकुराला बाधेल.

आता तळाशी बसलेले १०० दाणे मोजून घ्यावेत. ओल्या गोणपाटावर दहा ओळींत दहा-दहा दाणे मांडावेत, वर दुसरे ओले गोणपाट पसरावे आणि सैल गुंडाळी करून ती सावलीत ठेवावी. तरंगलेल्या १०० दाण्यांचीही अशीच दुसरी गुंडाळी करावी. गोणपाट वाळू नये म्हणून आळीपाळीने पाणी शिंपडावे. सात-आठ दिवसांनी गुंडाळ्या उलगडून, ज्यांना मूळ व कोंब दोन्ही नीट फुटले आहेत असेच दाणे मोजावेत.

बीज-प्रमाणीकरणाच्या नियमांप्रमाणे धानाचे किमान ८० टक्के दाणे उगवले पाहिजेत. समजा, ८० ऐवजी ६० च उगवले. म्हणजे रोपे एक चतुर्थांशाने कमी झाली. चार बांध्यांपुरते बियाणे पेरले असेल, तर रोवणी तीनच बांध्यांत होईल. चौथी रिकामी राहील. शेकडेवारीचे गणित असे रिकाम्या बांधीच्या रूपाने समोर उभे राहिले, की ते सहसा विसरले जात नाही.

या परीक्षेत परीक्षकाचीही परीक्षा होते. आपल्या घरचे बियाणे कमी उगवले, तर चारचौघांत सांगण्याचा संकोच वाटतो. दोन-चार दाणे वाढवून मोजावेत असा मोह होतो. पण वहीत आकडा वाढवला म्हणून बांधीत रोप वाढत नाही. खरा आकडा वेळीच घरी कळला, तर पेरणीला अवकाश असतो आणि बियाणे बदलता येते. खरी नोंद ठेवणे हा अशा कामातील सर्वांत मोठा धडा होय.

हाताने काम करून शिकण्याचा हा विचार विदर्भाला नवा नाही. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्धा येथे महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली. सात वर्षांचे मोफत व सक्तीचे शिक्षण मातृभाषेतून द्यावे आणि ते एखाद्या उत्पादक हस्तोद्योगाभोवती गुंफावे, असा विचार तेथे मान्य झाला. त्याची योजना आखणाऱ्या समितीचे अध्यक्ष डॉ. झाकिर हुसेन होते. तेच पुढे १९६७ साली भारताचे राष्ट्रपती झाले. केवळ यंत्रवत् काम करणारे कारागीर घडवणे हा या शिक्षणाचा मुख्य हेतू नव्हे, असे त्या समितीने स्पष्ट केले होते. हात काम करीत असता बुद्धीने ‘असे का?’ हा प्रश्न विचारीत राहावे, हेच त्यातील मर्म आहे.

गोणपाट भिजवणारे, दाणे मांडणारे व अंकुर मोजणारे हात एकाच वेळी गणित, विज्ञान आणि शेती शिकत असतात. पुस्तक मार्ग दाखवते. परंतु चालावे लागते आपल्यालाच.

स्वाध्याय

१. बियाण्याची परीक्षा पेरणीपूर्वीच का झाली पाहिजे?
२. मिठाच्या पाण्यात पोचट दाणे का तरंगतात?
३. ‘या परीक्षेत परीक्षकाचीही परीक्षा होते’ या वाक्याचा अर्थ स्पष्ट करा.
४. तुमच्या भागातील एखाद्या पिकाचे १०० दाणे घेऊन हा प्रयोग करा आणि रोजची नोंद वहीत लिहा.