फुफ्फुसाचा कर्करोग : फोटोतील डाग म्हणजे क्षयच नव्हे

आपल्या वस्त्यांत खोकला लांबला, वजन उतरले की पहिला संशय क्षयाचा येतो. तो योग्यच, कारण आपल्या देशात क्षयाचे रुग्ण फार आहेत. परंतु वर्षानुवर्षे विडी ओढणाऱ्या पन्नाशीतल्या माणसाच्या छातीच्या फोटोत डाग दिसला आणि बेडक्यात जंतू न शोधताच गोळ्या सुरू झाल्या, तर रोग कर्करोगाचा असल्यास मोलाचे महिने वाया जातात. खोकला, कफातून रक्त, छातीत पाणी होणे ही लक्षणे दोन्ही रोगांत सारखीच. फोटो डाग दाखवतो, डागाचे नाव सांगत नाही.

म्हणून बेडक्याच्या तपासणीचा आग्रह धरावा. सरकारी दवाखान्यात ती मोफत होते. जंतू मिळाले नाहीत, किंवा औषध चालू असूनही डाग वाढत असेल, तर सी.टी. स्कॅनविषयी डॉक्टरांना विचारावे. चालू गोळ्या मात्र आपल्या मनाने बंद करू नयेत. खरा निकाल लागतो तो तुकड्याच्या तपासणीने. गाठ श्वासनलिकेजवळ असेल तर दुर्बिणीतून आणि कडेला असेल तर बरगड्यांमधून सुई घालून तुकडा घेतात. ‘सुई लागली की कॅन्सर पसरतो’ या समजुतीने पुष्कळ जण घरी परततात. तसे घडणे अत्यंत क्वचित. तुकड्यावाचून रोगाचा प्रकार मात्र कळत नाही. सुमारे १५ टक्के रुग्णांत लहान पेशींचा, झपाट्याने पसरणारा प्रकार असतो. इतरांत वाढ त्या मानाने सावकाश होते.

यानंतर पायरी ठरते. पहिलीत गाठ फुफ्फुसातच असते, दुसरीत ती मोठी झालेली असते किंवा रोग त्याच फुफ्फुसाच्या गाठींत गेलेला असतो, तिसरीत बहुधा छातीच्या मध्यभागातील गाठींत पोहोचतो, आणि चौथीत मेंदू, हाडे, यकृत असा दूर जातो. छातीतल्या पाण्यात कर्कपेशी सापडल्या तरी ती चौथीच. पहिल्या दोन पायऱ्यांत शस्त्रक्रियेने फुफ्फुसाचा तेवढा भाग काढून रोगी बरा होऊ शकतो. तिसरीत बहुधा किरणोपचार आणि केमोथेरपी जोडीने देतात. चौथीत पूर्ण बरे होणे दुर्मिळ, पण तुकड्यात ई.जी.एफ.आर. जनुकातील बदल सापडला तर रोजच्या गोळीवर रोग काही काळ आवरता येतो. हा बदल विडी-सिगारेट न ओढणाऱ्यांत, विशेषतः स्त्रियांत, अधिक आढळतो. तेव्हा ‘ती तर ओढत नाही’ म्हणून बाईचा खोकला दुर्लक्षू नये. चुलीचा धूरही फुफ्फुसांना घातकच.

पाचव्या शीलात विडी येते की नाही, यावर आपल्यात वाद होतात. डॉल आणि हिल यांनी १९५० साली इंग्लंडमधील रुग्णांच्या पाहणीतून धूम्रपान व या रोगाचा संबंध दाखवला. माझ्या मते वादाला तेवढे पुरे.

परळचे टाटा रुग्णालय १९४१ पासून चालू आहे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगाचे अनेक उपचार बसतात. त्यासाठी रेशनकार्ड व ओळखपत्र लागते. जाताना जुने फोटोही न्यावेत. डाग पूर्वीएवढाच आहे की वाढला, हे डॉक्टरांना त्यावरूनच पडताळता येते.