आधी अन्न, मग उपदेश

आळवी नगरीतील एक प्रसंग धम्मपदाच्या अट्ठकथेत आला आहे. हरवलेल्या बैलाच्या शोधात उपाशी हिंडलेला एक गरीब शेतकरी उशिरा सभेत पोहोचला. तथागत त्याच्यासाठी थांबले होते. त्यांनी प्रथम त्याला जेवू घालण्यास सांगितले व त्याची भूक शमल्यावरच धम्मदेशना केली. भुकेल्या मनात उपदेश रुजत नाही, हे त्यांनी जाणले होते. वसतिगृह असो, कारखाना असो वा कार्यालय. प्रत्येक संस्थेने हा पाठ गिरवावा असा आहे.

आपल्याकडची भूक पुष्कळदा पोट भरलेले असतानाही असते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार देशातील १५ ते ४९ वयोगटातील ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आहे. महाराष्ट्रात हे प्रमाण सुमारे ५४ टक्के आहे. रक्तातील हिमोग्लोबिन घटले की शरीराला प्राणवायू कमी मिळतो, दम लागतो, लक्ष लागत नाही. मग अशा मुलीला आपण 'आळशी' म्हणतो आणि कामगाराला 'कामचुकार'. इंडोनेशियातील रबर मळ्यांतील मजुरांचा अभ्यास १९७९ साली प्रसिद्ध झाला. रक्तक्षय असलेल्या मजुरांना लोह दिल्यावर त्यांचे काम वाढले, असे त्यात दिसून आले. उणीव वृत्तीत नव्हती, रक्तात होती.

यावरचे उपाय संस्थेच्या आवाक्यातले आहेत. डाळ, पालेभाजी व मोड आलेली कडधान्ये रोजच्या ताटात असावीत. आठवड्यातून काही दिवस बाजरी व नाचणी असावी. सोबत लिंबाची फोड किंवा आवळा द्यावा. त्यातील क जीवनसत्त्वामुळे लोह अधिक शोषले जाते. चहा जेवणाबरोबर न देता तास-दीड तासाने द्यावा, कारण त्यातील टॅनिन लोहाला अडवते. मीठ आयोडीनयुक्त असावे. शुद्ध पाणी, हात धुण्यास साबण व स्वच्छ शौचालये नसतील, तर जंत व अतिसार खाल्लेले अन्न अंगी लागू देत नाहीत. वर्षातून दोनदा हिमोग्लोबिन तपासावे; लोहाच्या व जंतांच्या गोळ्या आरोग्य केंद्राच्या सल्ल्याने द्याव्यात.

हे दान नव्हे, हक्क आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य असतानाच १९४६ च्या दुरुस्तीचा पाया घातला गेला. तिने कारखान्यातील कामाचे आठवड्याचे तास ५४ वरून ४८ वर आणले. पुढे १९४८ च्या कारखाना कायद्याने २५० हून अधिक कामगार असलेल्या कारखान्यांत उपाहारगृहाची, तसेच पाच तासांच्या कामानंतर किमान अर्ध्या तासाच्या विश्रांतीची तरतूद केली.

आपल्या शाळेतून बाहेर पडलेले अनेक जण आज स्वतः संस्था चालवतात, इतरांना काम देतात. त्यांनी आपल्या हाताखालच्या माणसाला कामाचा जाब विचारण्यापूर्वी एवढेच विचारावे : तू आज जेवलास का, आणि काय जेवलास? करुणेचा आरंभ या प्रश्नापासून होतो.