वायरीशिवाय छपाई : अवरक्त किरणांची करामत

बालमित्रांनो, इंद्रधनुष्यातील रंगांचा क्रम तुम्हांला पाठ आहेच : तानापिहिनिपाजा. पण 'ता'च्या आधीही प्रकाश असतो. तो आपल्या डोळ्यांना दिसत नाही, इतकेच. १८०० साली विल्यम हर्शेल यांनी लोलकातून पडलेल्या रंगांच्या पट्ट्यात तांबड्याच्या बाहेर तापमापक ठेवला, तर पारा तिथेही चढला! हेच अवरक्त किरण. 'रक्त' म्हणजे संस्कृतात तांबडासुद्धा (रक्तचंदन आठवा), आणि 'अव' म्हणजे खाली. ज्याची वारंवारता तांबड्याच्या खाली, तो अवरक्त.

टीव्हीच्या बहुतेक रिमोटमध्ये हेच किरण असतात. १९९३ साली 'इन्फ्रारेड डेटा असोसिएशन' ही संघटना स्थापन झाली आणि तिने या किरणांनी यंत्रांनी एकमेकांशी कसे बोलावे याचे नियम ठरवले. मग लॅपटॉपच्या कडेला काळसर तांबड्या प्लॅस्टिकची छोटी खिडकी दिसू लागली. ह्युलेट-पॅकार्डच्या लेसरजेट ५पी या प्रिंटरलाही तशीच खिडकी होती. दोन्ही खिडक्या समोरासमोर, एक मीटरच्या आत ठेवायच्या आणि छपाईची आज्ञा द्यायची. वायर नको!

आत काय घडत असे? संगणकाला ० आणि १ एवढेच कळते. नियमांतल्या साध्या पद्धतीत ० साठी प्रकाशाची एक लुकलुक आणि १ साठी अंधार. दोघे एकाच वेळी बोलत नसत, कारण स्वतःच्याच प्रकाशाने यंत्राचा 'डोळा' दिपतो. म्हणून लॅपटॉप थोडे पाठवी आणि थांबे, प्रिंटर "मिळाले" असे कळवी, मग पुढचे. मध्ये कोणी पुस्तक धरले की बोलणे अडे.

आता थोडे गणित. या पद्धतीचा सर्वाधिक वेग सेकंदाला १,१५,२०० बिट. एका अक्षराला ८ बिट, शिवाय सुरुवातीचा १ व शेवटचा १, असे १० बिट लागतात. म्हणजे सेकंदाला फार तर ११,५२० अक्षरे. साध्या मजकुराचे पान चटकन जाई, पण दहा लाख बाइटच्या चित्राला जवळजवळ दीड मिनिट लागे. पुढे सेकंदाला ४० लाख बिटची पद्धत आली, तेव्हा तेच काम दोन-तीन सेकंदांवर आले.

मग ही खिडकी गेली कुठे? वायफाय आणि ब्लूटूथ रेडिओलहरींवर चालतात. त्यांना समोरासमोर बसावे लागत नाही आणि त्या भिंतीपलीकडेही जातात. सोय झाली; पण आपला निरोप शेजारच्या घरापर्यंतही पोहोचू लागला. अवरक्त किरण भिंत ओलांडत नाहीत, त्यामुळे खोलीतले बोलणे खोलीतच राहत असे. म्हणून पालकांनो, घरच्या वायफायला चांगला पासवर्ड हवा. पूर्वी जे काम भिंत करीत होती, ते आता त्याला करायचे आहे.

घरचा अभ्यास

१. अंधाऱ्या खोलीत टीव्हीचा रिमोट मोबाईलच्या पुढच्या कॅमेऱ्यासमोर धरून बटण दाबा. पडद्यावर जांभळट लुकलुक दिसते का? (काही नवे रिमोट रेडिओलहरींवर चालतात, त्यांत ती दिसणार नाही.)

२. ५७,६०० अक्षरे पाठवायला सेकंदाला १,१५,२०० बिट या वेगाने किती सेकंद लागतील?

३. 'रक्त' म्हणजे तांबडा, हा अर्थ असलेले आणखी दोन शब्द आजी-आजोबांना विचारून लिहा.