पंचेचाळीस किलोमीटर म्हणजे किती किलोमीटर?

प्रश्न सोपा आहे. शिरूरहून न्हावऱ्याकडे आपण सायकलवर तासाला पंधराच्या स्पीडने आरामात जातो. मग भंडारदऱ्याच्या जलाशयाभोवतीचा सुमारे 45 किलोमीटरचा फेरा किती वेळात होईल? मागच्या ऑगस्टमध्ये मी उत्तर काढलं होतं, तीन तास. जर्नलच्या मागच्या पानावर, रूममेटसमोर, मोठ्या ऐटीत. (माझं मराठी कॉन्व्हेंटचं, पण भागाकार तरी चांगला येतो असा समज होता.)

आम्ही टेम्पोत सायकली टाकून संगमनेर-अकोले मार्गे शेंडीला पोचलो आणि दुपारी एक वाजता निघालो. तीन तासांचं काम, घाई कशाला?

रस्ता सांगतो. शेंडीहून मुरशेत, पांजरे, उडदावणे, मग घाटघर. उजवीकडे कळसूबाई (1646 मीटर, महाराष्ट्रातलं सर्वोच्च शिखर) आणि तिच्या रांगा, डावीकडे सतत पाणी. हे पाणी प्रवरेचं. 1910 साली सुरू होऊन 1926 मध्ये पूर्ण झालेल्या विल्सन धरणाने ते अडवलंय. घाटघरला कोकणकडा, पुढे साम्रद (सांदण दरी इथलीच), मग जंगलातून रतनवाडी. तिथे अमृतेश्वराचं कोरीव देऊळ आणि डोक्यावर रतनगड. शेवटी मुतखेलवरून परत शेंडी. सगळा भाग कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो. इतका सुंदर रस्ता मी आयुष्यात पाहिला नव्हता, आणि पुढे जे झालं त्यानंतरही हेच म्हणतो.

साम्रद सोडलं तेव्हाच साडेसहा वाजले होते. पाऊस, धुकं, टॉर्च एक. एका उतारावर रूममेटचे ब्रेक लागलेच नाहीत. गळपट्टीचं हाड मोडलं. गावातल्या एका काकांनी जीप काढली म्हणून निभावलं. त्याच्या आईला फोन मी केला. "तुमचा प्लॅन कोणी केला होता रे?" एवढंच त्या म्हणाल्या.

तर चूक कुठे झाली ते आता नीट मांडतो.

सायकलस्वार 60 किलो, सायकल 20, सामान आणि पाणी 5. एकूण 85 किलो. सपाट रस्त्यावर पंधराच्या स्पीडला चाकांचं घर्षण आणि हवेचा विरोध मिळून साधारण 12 न्यूटन धरा, म्हणजे एका किलोमीटरला 12 किलोज्यूल. आता हेच 85 किलो 100 मीटर उंच न्यायचे तर 85 × 9.8 × 100, म्हणजे 83 किलोज्यूल. भागाकार करा. शंभर मीटरचा चढ म्हणजे जवळजवळ सात किलोमीटर सपाट रस्ता! फेऱ्यात लहानमोठे चढ मिळून समजा 600 मीटर भरले, तर 45 मध्ये 42 मिळवायचे. आम्ही 45 चा नाही, 87 किलोमीटरचा बेत केला होता आणि आम्हालाच माहीत नव्हतं.

चालणाऱ्यांसाठी असा नियम नेस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकाने 1892 मध्येच सांगितलाय: तीन मैलांना एक तास, शिवाय दर दोन हजार फूट चढाला आणखी एक तास. त्या हिशेबाने चालणाऱ्याला शंभर मीटर चढ म्हणजे जेमतेम 800 मीटर सपाट वाट. सायकल सपाटीवर इतकी स्वस्त चालते, म्हणून चढ तिला इतका महाग वाटतो.

बरं, उतारावर ते परत मिळत नाही का? घाटघरलाच याचं उत्तर आहे. तिथल्या 250 मेगावॅटच्या प्रकल्पात मागणी कमी असताना पाणी वर चढवतात आणि गरजेच्या वेळी खाली सोडून वीज करतात. तरी घातलेली सगळी वीज परत येत नाही. आपलं तर त्याहून वाईट. वळणावळणाच्या उतारावर कमावलेलं सगळं ब्रेकमध्ये जातं. शंभर मीटर उतरताना जवळजवळ तेवढेच 83 किलोज्यूल रबराच्या चार तुकड्यांनी पचवायचे, तेही ओल्या स्टीलच्या रिमवर, जिथे रबर धरतच नाही. रूममेटचा दोष नव्हता.

आता गिअर. साध्या सायकलला पुढे 44 दाते, मागे 18. पायडल एकदा फिरलं की सायकल साधारण 5.4 मीटर जाते. आठ टक्के चढावर तेवढ्यासाठी पायडलवर सरासरी 37 किलोचा भार द्यावा लागतो. पुढे-मागे सारखे दाते असलेल्या गिअरवर हाच भार सुमारे 15 किलोवर येतो. मात्र कुठल्याही गिअरवर, 100 वॅट ताकदीने वेग तासाला पाच किलोमीटरच. म्हणजे हातात धरून चालणाराही बरोबरच पोचतो. तेव्हा उतरून चालायला लाजू नका.

आणि हो, उंचीची भीती नको. खारदुंग ला (सुमारे 5359 मीटर, पाटीवर मात्र वर्षानुवर्षं 18,380 फूट लिहिलेले) इथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या निम्म्यावर येतो. जलाशय जेमतेम साडेसातशे मीटरवर आहे, तिथे श्वास लागला तर दोष मेसच्या जेवणाचा.

चढ मोजायचा कसा? सर्व्हेइंगच्या तासाला ज्याला आपण जांभया देतो तो टोपोशीट घ्या. 1:50,000 च्या शीटवर दोन कंटूरमध्ये 20 मीटर. रस्ता जितक्या रेषा वर चढताना ओलांडतो तितक्या मोजा, उतरतानाच्या सोडून द्या. मोबाइलही हे सांगतो, पण तिथे नेटवर्कचा भरवसा नाही, आणि हाताने मोजलं की चढ कुठे आहे ते डोक्यात राहतं.

यंदाचा बेत नोव्हेंबरचा. पाऊस गेलेला, पाणी भरलेलं. दिवस लहान, म्हणून पहाटे शेंडीतून निघायचं आणि दुपारी बारापर्यंत साम्रद गाठलं नाही तर आल्या रस्त्याने परत फिरायचं, चर्चा नाही. जंगलात अंधार पडू द्यायचा नाही. (बिबट्या आपल्या शिरूरच्या उसातही आहेच म्हणा.) प्रत्येकी तीन लिटर पाणी, नवे ब्रेक-रबर, दोन टॉर्च, पंक्चरचं सामान. वनखात्याच्या नाक्यासाठी सुटे पैसे.

वरचा हिशेब छापायला देण्याआधी रूममेटने तपासला. दोन चुका काढल्या. तोही येतोय, आईला सगळं सांगून.