घाट उतरलेल्या इंजिनाचा रंग

रुळांच्या शेजारीं वाढलेल्या मावळांतील मुलांस इंजिन म्हणजे काय हें शिकवावें लागत नाहीं. कामशेत, मळवली किंवा लोणावळें येथें राहणारा मुलगा अंथरुणांत पडल्या पडल्या नुसत्या घरघरीवरून सांगतो कीं, गेली ती गाडी विजेच्या इंजिनाची होती कीं डिझेलच्या. परंतु त्याच मुलास इंजिनाची लहान प्रतिकृति करावयास बसविलें म्हणजे डोळ्यांनीं पाहिलेलें सारें तो विसरतो आणि दुकानांतील खेळण्यासारखें चकचकीत इंजिन तयार करतो. नाहींतर अगदीं दुसऱ्या टोकास जाऊन त्यावर तपकिरी रंग असा फासतो कीं, तें भंगारांतून ओढून आणलेलें वाटावें. दोन्ही प्रकारांत इंजिन दिसतें. पण आपल्या घाटांतलें इंजिन दिसत नाहीं. सबब प्रतिकृतीवर बारकावे कसे बसवावे आणि ऊन, पाऊस, तेल व धूर यांच्या खुणा तिच्यावर कशा उमटवाव्या, याचा विचार येथें करूं.

नमुन्यादाखल डब्ल्यू.डी.एम.-२ या जातीचें इंजिन घेऊं. या अक्षरांपैकीं पहिलें ब्रॉडगेज, दुसरें डिझेल व तिसरें उतारू आणि माल अशा दोन्ही कामांस योग्य, असें दर्शवितें. आल्को या अमेरिकन कंपनीच्या आराखड्याचें, २६०० अश्वशक्तीचें हें इंजिन १९६२ सालीं आपल्या देशांत आलें व १९६४ पासून वाराणसी येथील कारखान्यांत तयार होऊं लागलें. येथें चौकस वाचक विचारील कीं, बोरघाट १८६३ सालीं रेल्वेस खुला झाला हें खरें, पण १९२९ सालींच तेथें वीज आली. मग त्या घाटांत डिझेलचें काय काम? उत्तर सोपें आहे. पुण्यापलीकडे सोलापूर व मिरज यांकडील मार्गांवर वीज पोंचावयास पुढें कित्येक दशकें लागलीं. तिकडून येणाऱ्या अनेक गाड्या पुढें जोडलेलें डिझेल इंजिन न बदलतां सरळ घाट उतरत. आणि परत येतांना कर्जतला मागून विजेचीं जादा इंजिनें लावून, सदतिसास एक असा चढ चढून लोणावळ्यास येत. आतां ते मार्गही विजेचे झाले असून या जातीचीं बहुतेक इंजिनें मोडींत निघालीं आहेत. म्हणजे ज्याला तें हुबेहुब करावयाचें आहे त्यानें छायाचित्रें आणि त्या इंजिनांवर काम केलेलीं माणसें, यांचाच आधार घ्यावयास हवा. आणि माणसांकडे आधीं जावें, छायाचित्रें पुढेंही मिळतील.

आतां मापांकडे वळूं. प्रचारांत असलेलें एक माप सत्याऐंशींस एक हें आहे. खऱ्या इंजिनाची लांबी १७.१२ मीटर, तिला ८७ नीं भागिलें म्हणजे सुमारें १९७ मिलिमीटर येते. रुळांमधील अंतराचा हिशेब मात्र जमत नाहीं. आपलें ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटरांचें, म्हणून लहान रुळांत १९.३ मिलिमीटर अंतर हवें. पण बाजारांत मिळणारे रूळ परदेशांतील १४३५ मिलिमीटरांच्या गेजावरून केलेले, १६.५ मिलिमीटरांचे असतात. त्यामुळें आपलें इंजिन किंचित् अरुंद पायांवर उभें राहतें. कांहीं हौशी मंडळी एवढ्यासाठीं रूळ स्वतः तयार करतात. माझें मत विचाराल तर विद्यार्थ्यानें पहिल्या इंजिनास हा हट्ट धरूं नये.

दुसरा एक हिशेब याहून उपयोगी आहे. टेबलावरील इंजिन आपण अर्ध्या मीटरावरून पाहतों. ८७ नें गुणिलें असतां खऱ्या इंजिनापासून सुमारें साडेत्रेचाळीस मीटर दूर उभें राहण्यासारखें तें झालें. इतक्या अंतरावरून जें डोळ्यांस दिसत नाहीं तें प्रतिकृतीवर दाखवूं नये. आणि जें दिसतें तें कितीही बारीक असलें तरी सोडूं नये. बोल्टाचें डोकें दिसत नाहीं, पण कठड्याच्या दांडीमागील मोकळी जागा दिसते. म्हणून कवचावर उठावानें दाखविलेल्या दांड्या असतील तर त्या धारदार पात्यानें खरवडून काढाव्या व तेथें तार बसवावी. खरी दांडी २५ मिलिमीटर जाडीची धरली तर तार ०.३ मिलिमीटरांहून जाड नको. विजेच्या जुन्या वायरींतील तांब्याचे धागे या कामास नामी उपयोगी पडतात. दोन्ही टोकांस लोंबणाऱ्या ब्रेकच्या नळ्या, चाकांपुढें वाळू सोडणाऱ्या नळ्या, भोंगे, कांचेवरचे वायपर एवढें बसलें कीं कवचाचें इंजिन होऊं लागतें. या जातीच्या बोगींत तीन आंसांमधील अंतरें सारखीं नसतात, हेंही ध्यानांत ठेवावें. बाजारांतील दुसऱ्याच एखाद्या इंजिनाची समान अंतराची बोगी खालीं बसविली तर जाणत्याचा डोळा प्रथम तेथेंच अडखळतो.

आतां मुख्य विषय, मळ. इंजिनावरील प्रत्येक डागाला कारण असतें, आणि कारण ठाऊक नसतां काढलेला डाग खोटा दिसतो. प्रथम धूर घ्या. चालकानें जोर वाढविला कीं इंधन तत्काळ वाढतें, परंतु हवा दाबून आंत घालणारा टर्बोचार्जर वेग घेण्यास कांहीं क्षण लावतो. तेवढ्या वेळांत अर्धवट जळलेलें तेल काळ्या लोटाच्या रूपानें बाहेर पडतें. आल्कोचीं इंजिनें यासाठीं प्रसिद्धच होतीं. ही काजळी छपरावर धुराड्याभोंवतीं दाट व पुढें विरळ होत जाते, आणि धावतांना कोणतें टोक पुढें होतें त्याप्रमाणें ती चालकाच्या खोलीच्या छपरावर किंवा उलट दिशेनें लांब पाठीवर पसरते. बाजूच्या भिंतींवर काजळीचे गोळे काढणारे विद्यार्थी या गोष्टीचा विचार करीत नाहींत.

नंतर पाऊस. लोणावळ्यास वर्षाकाठीं चार हजार मिलिमीटरांच्या वर पाऊस पडतो. तेथून रेल्वेनें अवघ्या चौसष्ट किलोमीटरांवर असलेल्या पुण्यास त्याच्या पंचमांशाहूनही कमी. पुढें दौंडाकडे तर कोरडी धूळच धूळ. एकच इंजिन एका दिवसांत धूळ अंगावर घेतें आणि ती घाटमाथ्यावरच्या पावसांत धुतली जाते. पण ती सगळी धुतली जात नाहीं. पाणी छपरावरून ओघळतांना दाराच्या चौकटी, झरोक्यांच्या पट्ट्या, पायऱ्यांच्या कडा यांशीं अडतें व खालीं फिकट उभ्या रेघा ठेवून जातें. या रेघा वर रुंद नसून वर ठळक व खालीं पुसट असतात. उन्हानें वरच्या भागाचा रंग विटतो. म्हणून मूळ रंग डब्यांतून काढला तसाच न लावतां त्यांत थोडा पांढरा मिसळावा, आणि शुद्ध काळा रंग तर कोठेंच लावूं नये. लहान वस्तूवर तो खड्ड्यासारखा दिसतो. गडद राखी रंग पुरे.

आमच्या शाळेंतील एका विद्यार्थ्यानें असें एक इंजिन मोठ्या कष्टानें केलें होतें. धूर, ओघळ, सारें व्यवस्थित. शिवाय सर्वांगावर गंजाचे ठिपके. शाळेच्या प्रदर्शनांत पुण्याच्या डिझेल शेडमध्यें फिटर म्हणून आयुष्य घालविलेले एक वृद्ध गृहस्थ तें बराच वेळ न्याहाळीत उभे राहिले. मग म्हणाले, "बाळ, हें इंजिन घाट उतरलेलें नाहीं."

मुलगा गोंधळला. "कशावरून, आजोबा?"

"खालीं बघ. बोगी काळी ठेवलीस. घाट उतरतांना मोटरीच उलट वीज तयार करून गाडी आवरतात, तरी ब्रेक लागायचे ते लागतातच. बिडाचे ठोकळे चाकांवर घासून त्यांची पूड उडते आणि ती एका रात्रींत तांबूस होते. आमच्या बोग्या विटेच्या रंगाच्या असत. आणि वर हा गंज कोठून आणलास? आम्हीं काय पत्रा सडेपर्यंत बघत बसत होतों? दर फेरीनंतर तपासणी होई. रंग उडाला तर उडे, पण गंज धरूं देत नसूं."

मुलगा म्हणाला, "मला वाटलें, जुनें म्हणजे गंजलेलें."

"जुनें म्हणजे वापरलेलें," आजोबा म्हणाले, आणि टेबलावर बोटानें रेघा ओढून वाळू कोठें सांडते तें दाखवूं लागले. ओल्या रुळावर चाक घसरूं नये म्हणून चालक चाकांपुढें वाळू सोडतो. तिची फिकट भुकटी नळीच्या मागें बोगीवर बसते. तेल भरण्याच्या तोंडाखालीं टांकीवर ओला, चकाकणारा काळा ओघळ असतो, आणि तो एकच भाग चकाकतो. टांकी पांच हजार लिटरांची, त्यामुळें भरतांना थोडें सांडावयाचेंच.

त्या गृहस्थांच्या बोलण्यांत जी किंचित् धार होती ती मला रास्त वाटली. मळ दोन प्रकारचा असतो. एक कामाचा आणि दुसरा हेळसांडीचा. सर्वांगावर गंज रंगविणें म्हणजे, ज्यांनीं रात्रपाळीला बसून तें यंत्र पुसलें, तेल दिलें, त्यांच्यावर नकळत ठपका ठेवणें होय. मुलानें ठिपके काढून टाकले. गंज ठेवला तो फक्त जोडणीच्या आंकड्यावर आणि पायऱ्यांच्या झिजलेल्या कडांवर, जेथें तो खरोखर असे.

प्रत्यक्ष कृति अशी. कवच साबणाच्या पाण्यानें धुऊन वाळवावें. बोटांचा तेलकटपणा राहिला तर रंग धरत नाहीं. मग अस्तराचा रंग, मग मुख्य रंग, दोन्ही पातळ थरांत. शेडपरत्वें रंगसंगति निराळी असे, म्हणून एक ठराविक इंजिन डोळ्यांपुढें ठेवावें व त्याचाच नंबर घालावा. नंबरांचीं चित्रें चिकटविण्यापूर्वीं तेथें चकाकणारें वार्निश लावावें आणि नंतर सर्वांवर निस्तेज वार्निश द्यावें. तें पुरतें वाळल्यावर गडद तपकिरी ॲक्रिलिक रंग पुष्कळ पाणी घालून झरोक्यांत व सांध्यांत सोडावा व उरलेला ओलसर फडक्यानें वरून खालीं पुसावा. आडवें पुसूं नये. पाऊस आडवा ओघळत नाहीं. उंचवट्यांवर जवळजवळ कोरडा कुंचला फिकट रंगांत बुडवून हलकेच फिरवावा.

धुळीसाठीं महागड्या पुड्यांची गरज नाहीं. चित्रकलेच्या तासाचे काळे, तपकिरी व विटकरी खडू वाळूकागदावर घासले कीं उत्तम भुकटी मिळते. ती मऊ कुंचल्यानें बोगीवर, टांकीवर व खालच्या कडांवर बसवावी. वरून वार्निश उडविल्यावर निम्मी भुकटी दिसेनाशी होते, म्हणून आरंभीं जरा अधिक घ्यावी. वार्निश उडवितांना खिडक्या उघड्या ठेवाव्या व नाकातोंडाला पट्टी बांधावी. चाकांच्या रुळावर टेकणाऱ्या कडा मात्र स्वच्छ पुसाव्या, कारण लहान इंजिनास वीज तेथूनच मिळते; खऱ्या चाकांच्याही त्या कडा घासून चांदीसारख्या असतात, तेव्हां येथें सोय आणि सत्य एकत्र आलीं आहेत.

ज्यांस तयार झालेलें काम पाहावयाचें असेल त्यांनीं पुण्यास कोथरूड येथें भाऊ जोशी यांनीं १९९८ सालीं सुरू केलेलें लहान रेल्वेंचें संग्रहालय अवश्य पाहावें. तेथें गाड्यांपेक्षां त्यांच्या भोंवतालचें जग अधिक भुरळ घालतें, हा माझा अनुभव. पण तेथून परत आलेला मुलगा आठ दिवस टेबल सोडीत नाहीं.

शेवटचें काम कांचेचें, आणि तें बहुतेक सारे विसरतात. जुलैंत घाटमाथ्यावर आलेल्या इंजिनाच्या पुढील कांचेवर वायपरनें पुसलेला पंख्याच्या आकाराचा स्वच्छ भाग असतो व त्याभोंवतीं चिखलकट धूसर कड राहते. चिकटपट्टीचा तसा लहान तुकडा कापून कांचेवर लावावा, वर भुकटी व वार्निश द्यावें आणि पट्टी सुईच्या टोकानें उचलून घ्यावी. पट्टी निघतांच त्या स्वच्छ तुकड्यांतून चालकाची रिकामी खुर्ची दिसूं लागते.